मातीची कंपोस्ट उतरंड: दहा महिने वापरल्यावर

गेल्या पाडव्याला तीन मडक्यांची कंपोस्ट उतरंड घरी आणली. सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, माणसं चार. उतरंड कपडे वाळत घालायच्या गॅलरीत ठेवली. 2,600 रुपये पडले, सोबत कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट आणि कचरा कुजवायच्या विरजणाची पुडी मिळाली. घ्यावी का, असं बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ती खतासाठी घेतली नव्हती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या डीपीजवळ, कचऱ्याचा एक कोपरा आहे. ज्यांची घंटागाडी चुकते ते कामावर जाता जाता तिथं पिशवी ठेवतात. कुत्री ती पिशवी आतल्या शिळ्या चपातीसाठी फाडतात. मग दुपारच्या वाऱ्यानं दुधाच्या पिशव्या, भडंगाची पाकिटं गटारात, आणि पावसात तेच सगळं वाहून कृष्णेकडे. एक आठवडा मी माझाच डबा बघितला. गाडी चुकली की मलाही घाई सुटायची, पण ती फक्त ओल्या कचऱ्याची. तो वास मारतो म्हणून घरात ठेववत नाही. सुका कचरा आठ दिवस पोत्यात पडून राहिला तरी काही बिघडत नाही. म्हणजे ओला कचरा घरातच जिरला, तर कोपऱ्यावर पिशवी न्यायचं कारणच उरत नाही.

वापर सोपा आहे. रोजचा ओला कचरा वरच्या मडक्यात टाकायचा, मोठी सालं चिरून. कचऱ्याच्या निम्मा सुका पाला, भुसा किंवा कोकोपीट वरून पसरायचं. दोन-तीन दिवसांनी काठीनं खालवर करायचं. मडकं भरलं की खाली, खालचं रिकामं वर. विरजणाची पुडी संपल्यावर मी आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून शिंपडते, तेवढं पुरतं. ओल्यात नत्र (नायट्रोजन) जास्त असतं, वाळक्या पाल्यात कर्ब (कार्बन). कर्ब पंचवीस-तीस भाग आणि नत्र एक भाग असं प्रमाण जवळपास जमलं की जिवाणू नीट काम करतात. प्लास्टिकच्या डब्यापेक्षा मडकं बरं, कारण माती हवा आत घेते आणि जादा ओल शोषते.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हा उकिरडाच की गं?" त्यांच्या माहेरी पलूसकडे परड्यात उकिरडा असायचा, शेणात राख आणि पाला मिसळायची त्यांना सवय. पहिले दोन महिने माझ्यापेक्षा त्यांचाच हात जास्त चालला.

उन्हाळ्यात काहीच त्रास नाही. मडकी वाळली की मुंग्या येतात, पाण्याचा हबका मारला की जातात. उसाच्या रसवंतीवरचं चिपाड मात्र घालू नका. मी घातलं, ते चार महिन्यांनीही जसंच्या तसं निघालं. दिरांच्या शेतातलं पाचट दोन-दोन इंच कापून घातलं, ते छान कुजलं. शेतात पेटवून देतात त्यातलं पोतंभर जरी घरी आलं, तरी कोकोपीट विकत घ्यावं लागत नाही.

खरी परीक्षा जुलैत. सलग पाऊस, गॅलरीत ओल, आणि माझा सुका पाला संपलेला. मी तशीच भाजीची देठं टाकत राहिले. चौथ्या दिवशी खालच्या मडक्यातून काळं पाणी झिरपलं आणि नासक्या अंड्यासारखा वास सुटला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. "काकू, कपड्यांना वास बसतोय हो," एवढंच म्हणाल्या, पण मला फार वाईट वाटलं. झाकण काढलं तर आत करड्या, चपट्या आळ्यांची वळवळ. रात्रीच सगळं घमेल्यात ओतलं. गोळे झाले होते. गोळा फोडला की आत हिरवट चिकट लगदा, हवा कुठंच नाही. हवा नसली की कचरा कुजत नाही, सडतो. सकाळी लाकडाच्या वखारीतून पोतंभर भुसा आणला, कालवून परत भरलं. तीन दिवसांत वास गेला. आळ्यांना घाबरू नका. त्या काळ्या सैनिक माशीच्या होत्या. ही माशी ना चावते, ना घरमाशीसारखी अन्नावर बसते, आणि आळ्या कचरा झपाट्यानं संपवतात.

गणपतीत आणखी एक धडा मिळाला. हार तसेच टाकले. महिन्यानंतर फुलांची माती झाली होती, पण नायलॉनचा दोरा काठीला गुंडाळून मूठभर निघाला. आता हार सोडवून फुलं तेवढी आत. हाडं आणि तेलकट रस्सा घालत नाही.

वस्तूतले दोष सांगायलाच हवेत. दोन मडक्यांमधली काथ्याची जाळी सहाव्या महिन्यात कुजून तुटली. विक्रेत्यानं दोनदा "पाठवतो" म्हटलं, तिसऱ्यांदा फोनच घेतला नाही. शेवटी जुन्या कुकरची भोकाची ताटली बसवली, ती टिकली आहे. मधल्या मडक्याची कड तडकली, त्याच्या बदल्यात कुंभाराकडून भोकं पाडून नवीन करून घेतलं, आणि ते जास्त जाड निघालं. दुसऱ्यांदा घ्यायची झाली तर मी सरळ कुंभाराकडेच जाईन.

काट्यावर तोलून बघते. दिवसाला साधारण पाऊण किलो ओला कचरा, म्हणजे दहा महिन्यांत सव्वादोनशे किलो. खत निघालं चाळीस किलोच्या आसपास. लहान मडक्यात उष्णता फार चढत नाही, त्यामुळे टोमॅटोचं बी मरत नाही. कढीपत्त्याच्या कुंडीत टोमॅटोची सात रोपं आपोआप आली, दोन ठेवली.

सुक्याचं थोडक्यात. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटा करत नाही, चिकटलेलाच ठेवते. तो नखाएवढा तुकडा कुणीच गोळा करू शकत नाही. पिशव्या धुऊन दोरीवर वाळवून भंगारवाल्याला देते. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असं वेगळं करायला सांगितलं होतं, आमच्या घरात ते उतरंड आल्यावरच खऱ्या अर्थानं सुरू झालं. आपल्याच जिल्ह्यातलं विटा 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिलं आलं. मग आमची एक गल्ली का होणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता गल्लीत चार घरांत उतरंडी आहेत, त्यातली एक त्या खालच्या वहिनींची. डीपीजवळ रोज सात-आठ पिशव्या असायच्या, या आठवड्यात मोजल्या तर तीन किंवा चार. त्या कुणाच्या ते आम्हाला माहीत आहे. दोघं पहिल्या पाळीला जातात, भांडून उपयोग नाही. त्यांचा डबा सकाळी गाडीत द्यायचं काम आम्ही वाटून घेतलं आहे, सोमवारपासून.

घ्यायची असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर घेऊ नका. आता पानगळ सुरू होईल, आधी वाळक्या पाल्याची दोन पोती भरून ठेवा आणि मग मडकी आणा.