थंडीतली रोपं: गादीवाफा की प्रो-ट्रे?

उन्हाळी मिरची-टोमॅटोचं रोप जानेवारीत टाकायचं, तर थंडीत बी उगवायला वेळ घेतं. इथेच प्रो-ट्रे सरस. ९८ कप्प्यांचे ट्रे कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) भरायचे, कप्प्यात एकेक बी टाकायचं, ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकायचे; आत ऊब धरते. कोंब दिसताच मात्र उघडायचेच, नाहीतर रोपं लांबडी, लेचीपेची होतात. लावताना मुळं गड्ड्यासकट निघतात, त्यामुळे रोप फारसं कोमेजत नाही. गादीवाफ्यातून, म्हणजे मातीच्या उंच वाफ्यातून, उपटताना मुळं तुटतात, पाणी साचलं की मरही (रोपं कुजून कोलमडण्याचा रोग) लागते. पण वाफा स्वस्त, आणि एखादं पाणी चुकलं तरी सांभाळून घेतो. ट्रे तसं सांभाळून घेत नाही. महागडं संकरित बी असेल तर मी ट्रेच घेईन. घरच्या गावरान मिरचीला वाफा पुरे.