आरसीसीबीच्या नावाखाली एमसीबी: तळ्याच्या वायरिंगमध्ये लागलेला ४६,८०० चा चुना

एकूण ४६,८०० रुपये. त्यातले २५,००० फोनवरून आणि २१,८०० रोख, कारण वायरमन म्हणाला, "रोख द्या सर, तुमचा जीएसटी वाचंल." काय ठरलं होतं ते आधी लिहितो, म्हणजे असाच कोणी तुमच्याकडे आला तर ताडून बघता येईल. तीन कोअरची (आत तीन तारा) अडीच एमएम तांब्याची आर्मर्ड केबल, ४५ मीटर, ९,९००. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, २,८००. अर्थिंगचा खड्डा ८,५००. खोदाई ६,०००. पाण्यातले बारा व्होल्टचे दिवे ट्रान्सफॉर्मरसह ७,२००. बाहेरचा बॉक्स आणि फिटिंग ३,४००. मजुरी ९,०००. बेरीज करून बघा, पैशाच्या हिशोबात तो एका रुपयालाही चुकलेला नाही.

घरामागं कमळाचं छोटं तळं केलंय. (ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या पट्ट्यात तळ्याचे चोचले कशाला, असं विचारणारे भेटतातच. गच्चीवरचं पावसाचं पाणी आहे, गप्पी मासे सोडलेत, डास कमी झालेत. बास.) एक पंप आणि चार दिवे, एवढाच भार. ज्यानं तळं बांधलं त्यानंच हा माणूस आणून दिला. "आपल्या घरचाच समजा." त्यात त्याचं कमिशन किती होतं, ते त्या दोघांनाच ठाऊक.

खोदाईच्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन मागं गेलो. नळाच्या कट्ट्यावर केबलचा कापलेला तुकडा पडला होता, वीतभर. उचलला. आत दोनच तारा, लाल आणि काळी. अर्थिंगची हिरवी नाहीच. कापलेलं टोक पांढरं, चांदीसारखं, तांब्यासारखं तांबूस नाहीच. वरून लोखंडी तारांचं कवच असायला हवं होतं, तिथं नुसतं काळं प्लॅस्टिक. तुकडा हातात, माणूस समोर, चर अजून अर्धा उघडा! विचारलंही. तर म्हणतो कसा, "हिरवी पलीकडून वेगळी टाकलीय सर. अन् हे टिनिंग केलेलं कॉपर हाय, गंजत नाही." टिनिंग, म्हणजे तांब्यावर कथिलाचा मुलामा! इतक्या ठामपणे कोणी सांगितलं तर बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसानं काय वाद घालायचा? तारा मोजायला वायरमन असावं लागत नाही, असं आमचे शेजारी आता म्हणतात. तेव्हा तेही तिथंच उभे होते, बशीतून चहा पीत.

बटणाचीही तीच गत. पुण्याच्या भाच्यानं फोनवर सांगितलं होतं, आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण बघून घे. बॉक्समध्ये ते दिसेना. "नव्या मॉडेलला बटण नसतंय." साफ खोटं. चाचणीचं बटण नसलेला आरसीसीबी नसतोच. त्यानं बसवला होता साधा दोन पोलचा एमसीबी, आणि त्यावर आरसीसीबीचं स्टिकर. एमसीबी पडतो तो भार वाढला किंवा शॉर्ट झालं की. पाण्यात माणसाला लागणारा थोडका करंट त्याला दिसतच नाही. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो. त्यावर १०० किंवा ३०० लिहिलेलं असेल तर तो माणसाला वाचवायचा नाही, परत पाठवा.

दिवे लागले, पंप चालला, मी पैसे दिले. कोण देणार नाही?

पहिला मोठा पाऊस झाला आणि सुनेनं पानं काढायला पाण्यात हात घातला. कोपरापर्यंत झिणझिण्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून तेवढ्यावर भागलं. दुसरा वायरमन बोलावला, त्यानं चर उकरला. अडीच फूट ठरलेली केबल वीतभर खाली. ना वाळू, ना वर विटा. मधे दोन जॉइंट, नुसती टेप गुंडाळलेले. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिथं टेप किती दिवस टिकणार? जमिनीखाली जॉइंट नकोच. ट्रान्सफॉर्मर म्हणून लावलेल्या डबीत एक कनेक्टर होता फक्त. दिवे थेट २३० व्होल्टवर, पाण्यात! आणि ८,५०० चं अर्थिंग? कोळसा नाही, मीठ नाही, पाइप नाही. हिरवी तार भिंतीवरून खाली आली होती आणि तिचं टोक मातीत खुपसलं होतं. हलकेच ओढली तर हातात आली.

त्याला फोन केला की "येऊलालो सर." मग नंबर बंद.

वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. "मीटरच्या पुढचं तुमचं." बरोबर आहे, नियम आहे, पण कोणाकडं जाऊ एवढं तरी सांगा! विद्युत निरीक्षकांकडे जा म्हणाले. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन साहेबांची वाट बघत बसलो. साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला बाबूनं विचारलं, "कोणी दगावलंय का?" नाही म्हटलं. "जनावर?" तेही नाही. "मग अपघात कुठंय?" म्हणजे सून गेली असती तर अर्ज घेतला असता! ठेकेदाराकडं परवाना आहे का, एवढं तरी बघून सांगा म्हटलं, तर लेखी द्या. लेखी दिलं. पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. पोलीस ठाण्यात तर हवालदार हसला. "गुरुजी, हे दिवाणी मॅटर. बिल दाखवा." बिल म्हणजे वहीचं पान, ना जीएसटी नंबर, ना परवाना क्रमांक. रोखीतला जीएसटी असा वाचतो बघा. पक्कं बिल नसेल तर ॲडव्हान्ससुद्धा देऊ नका.

चर बुजवायच्या आधी तुमच्यासमोर टेप लावून खोली मोजा, फोटो काढा. केबलवर आयएसआय खूण आणि सीएम/एल क्रमांक (कंपनीचा परवाना क्रमांक) छापलेला असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनी दिसते. अर्थिंगचा खड्डा भरताना तिथंच उभे राहा, चहा करायला आत जाऊ नका. 'टी' बटण महिन्याला दाबा, आरसीसीबी पडला नाही तर मेन बंद. आणि तळ्यात हात घालायचा तर आधी स्विच बंद, वायरिंग कितीही चांगलं असू दे.

नवं काम ३८,४५० ला पडलं, पक्क्या बिलासह. दरम्यान त्यानं नव्या नंबरवरून ३,००० पाठवले, खाली लिहिलं, "हिशोब क्लिअर सर." राहिले ४३,८००. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. फोनवरच्या २५,००० चा पुरावा, उकरलेल्या चराचे फोटो, तो स्टिकरवाला एमसीबी आणि आता त्या ३,००० चा मेसेज, सगळं जोडून अर्ज तयार आहे.