वसई किल्ल्याचा गायडेड वॉक: जरूर करा, पण पाणी घरून न्या

विरारला अकरा वर्षं राहतोय पण वसईचा किल्ला म्हणजे प्री-वेडिंग शूटची जागा एवढंच डोक्यात होतं. मागच्या रविवारी लेकीला घेऊन एका लोकल ग्रुपचा वॉक केला, माणशी ३०० रुपये, अडीच तास, आणि खरं सांगतो, पैसे वसूल.

गाईड दादांनी सुरुवातीला इतिहास काढलाच नाही, आधी काठीने मातीत नकाशा काढला. दक्षिणेला वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचं तोंड, खाडीपलीकडे साष्टी, म्हणजे आपलं भाईंदर-बोरिवली, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला दलदल, राहिली फक्त उत्तर, जमिनीवरून हल्ला करायचा तर तिकडूनच. १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळाल्यावर पोर्तुगीज इथे एवढे पाय रोवून का बसले हे माझ्या सातवीतल्या लेकीला त्या चार रेघांवरून कळलं. आणि चिमाजी अप्पांनी वसईच्या आधी १७३७ ला ठाणे आणि साष्टीत हात का घातला तेही, साष्टी गेली की वसईची रसद तुटली. मग उत्तरेच्या तटाखाली सुरुंग पेरले आणि मे १७३९ मध्ये किल्ला आला. इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना दिल्या, नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच, ती मी लहानपणी पाहिलीय आणि वसईची आहे हे परवा कळलं!

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये छप्पर नाही, पायाखाली थडग्यांचे दगड, त्यावर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली. लेक खाली बसून एकेक अक्षर बोटाने गिरवत होती, मागून लोक पुढे निघून गेले तरी उठेना, दादा तिच्यासाठी थांबले हे मला फार आवडलं.

सगळ्यात जास्त लागलं ते १८०२ चं. ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो याच वसईत, चिमाजी अप्पांच्या सख्ख्या भावाचा नातू, आणि मध्ये गेली फक्त ६३ वर्षं. दादा हे सांगून दोन मिनिटं गप्प उभे राहिले, आम्हीपण.

आता तक्रारी. वॉक पाऊण तास उशिरा सुरू झाला, पस्तीस जणांना एकच गाईड आणि माईक नाही, मागच्यांना निम्मं ऐकूच गेलं नाही, वीसच्या वर माणसं घेऊ नका प्लीज. वाटेत प्यायचं पाणी कुठे मिळालं नाही, बाथरूमचीही सोय नव्हती, बरोबर वयस्कर मंडळी होती त्यांचे हाल झाले. यासाठी एक स्टार कापतोय, ४/५.

वसई रोड स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते. सकाळी सातचीच बॅच घ्या, नंतर ऊन सोसत नाही. आणि येताना बाजारात सुकेळी दिसली तर सोडू नका, राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, मधासारखा रंग येतो, आमचं पाकीट नालासोपारा यायच्या आत संपलं म्हणून परत उतरून घ्यावं की काय असं वाटत होतं.