झाडं, खत, पाणी की पक्षी? सोलापुरातल्या कॉलेज गटानं यंदा काय हाती घ्यावं

निसर्ग मंडळाच्या किंवा एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) वर्षातल्या पहिल्या बैठकीत ‘यंदा काय करायचं?’ हा प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत कुणीतरी ‘झाडं लावू’ म्हणून मोकळं होतं. सर खूश, फोटो छान येतात, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात दाखवायलाही बरं. पण सोलापुरात कुठलाही उपक्रम निवडताना आधी एकच गोष्ट विचारावी: मे महिन्यात हे कोण बघणार? परीक्षा आटोपल्या की हॉस्टेल रिकामं होतं, गडी आपापल्या गावाला जातात आणि पारा बेचाळीसच्या पुढे चढतो. हा दीड महिना उपक्रम कसा काढतो, त्यावरच तो तगणार की नाही ते ठरतं. म्हणून खालची सगळी तुलना त्याच कसोटीवर केली आहे.

झाडांपासूनच सुरुवात करू. कार्यक्रम 5 जूनला ठरतो, पण आपल्याकडे पावसाचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो. हा रब्बीचा जिल्हा आहे, इथली ज्वारी परतीच्या पावसावर येते. जूनच्या पहिल्या सरींवर लावलेलं रोप मग जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत अडकतं. त्यापेक्षा जमीन दोन-तीनदा चांगली भिजू द्यावी आणि मग लावावं. शहराबाहेरच्या, केगावकडच्या बाजूच्या माळांवर वरचा पातळ थर गेला की खाली मुरूम लागतो. तिथे दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन त्यात काळी माती आणि शेणखत भरल्याशिवाय रोप धरत नाही. खड्डे उन्हाळ्यातच घेऊन तापू दिलेले बरे. म्हणजे कामाची सुरुवातच पुन्हा सुट्टीत आली.

आता पाण्याचं गणित करू. एका रोपाला फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत आठवड्याला किमान दहा लिटर धरा. पाचशे रोपं म्हणजे पाच हजार लिटर, आठवड्याला एक छोटा टँकर. असे सतरा-अठरा टँकर लागतील. ज्या शहरात घरच्या नळालाच काही दिवसांआड पाणी येतं, तिथे प्राचार्यांकडे हे मागताना पोटात गोळा येतो. पन्नास रोपं असतील तर आठवड्याला पाचशे लिटर लागतं आणि ते माळीमामा हॉस्टेलच्या वापरलेल्या पाण्यातूनही भागवू शकतात. म्हणून झाडंच लावायची असतील तर पन्नासच लावा. कडुनिंब, करंज, हिवर, बोर अशी इथलीच घ्या. काटेरी कुंपण मात्र सोडू नका, एका दुपारच्या चार शेळ्या वर्षाची मेहनत संपवतात. राज्यात 2019 मध्ये 33 कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम झाला. त्यातलं तुमच्या गावचं काय उरलं हे घरी गेल्यावर जरूर बघा, पन्नासचा आकडा मग लहान वाटणार नाही.

याच्या शेजारी पालापाचोळ्याचं आणि मेसच्या ओल्या कचऱ्याचं खत ठेवून बघा. खर्च जवळपास नाही: विटांचे दोन हौद, नाहीतर नुसते दोन खड्डे, एक फावडं आणि भरपूर रिकामी पोती. कडुनिंबाची, करंजाची, गिरिपुष्पाची पानं फेब्रुवारी-मार्चला ढिगानं पडतात आणि बहुतेक आवारांत सकाळी झाडून, कोपऱ्यात गोळा करून पेटवून दिली जातात. ती पोत्यांत भरून ठेवली की वर्षभराचा साठा झाला. एक घमेलं ओला कचरा टाकला की त्यावर तीन घमेली पाला, असा थर लावत जायचा.

यात चुकतं ते भातापाशी. उरलेला भात एकगठ्ठा टाकला की त्याचा गोळा होतो, वर पांढरी बुरशी धरते, आत हवा जात नाही आणि दोन दिवसांत असा वास सुटतो की हॉस्टेलचे रेक्टर स्वतः येऊन खड्डा बुजवायला सांगतात. भात फावड्यानं पसरायचा, पाल्यात कालवायचा आणि वर पुन्हा पाला टाकायचा. भाकरीचे तुकडे मोडून टाकायचे. आमटी गाळून घ्यायची, हाडं नकोत. मूठभर मिश्रण दाबलं तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. आठ-दहा दिवसांनी चाळवत राहिलं की दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत मिळतं.

आणि मे महिन्यात? मेस बंद, म्हणजे कचराही बंद. खड्डा ओला करून वर पोती टाकून द्यायची. वाळला तर कुजणं थांबेल, एवढंच. जूनमध्ये पाणी मारलं की गाडी पुन्हा चालू. रोप मेलं की मेलं, खड्ड्याला सुट्टी चालते. माझं झुकतं माप खताकडे आहे ते यामुळेच. शिवाय रोज शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्या संस्थांनी आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हे 2016 च्या घनकचरा नियमांपासून ठरलेलं आहे. मोठ्या हॉस्टेलच्या बाबतीत तुम्ही प्रशासनाकडे उपकार मागत नाही, त्यांचंच काम हलकं करताय. फक्त ठराव वगैरे व्हायच्या आधी मेसच्या मावशींशी बोला. बिस्किटांचे पुडे आणि लोणच्याची पाकिटं कचऱ्यातून वेगळी निघणार की नाही, हे त्यांच्या हातात आहे. सकाळी सात वाजता तिथे उभ्या असणाऱ्या त्याच असतात, तुमचे अध्यक्ष नव्हेत.

पावसाचं पाणी अडवणं ऐकायला सगळ्यात भारी, आणि आकडेही भारीच. एक चौरस मीटर छतावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस मीटरच्या इमारतीवर सहाशे मिलीमीटर पडला आणि त्यातला ऐंशी टक्के हाती लागला, तर चार लाख ऐंशी हजार लिटर होतात. वरच्या हिशोबातले सतरा-अठरा टँकर सोडा, शहाण्णव झाले. पण पाइप, गाळणी, टाकी हा खर्च संस्थेचा. आपला खडक काळा बेसॉल्ट, त्यात पाणी फटी असतील तिथूनच मुरतं. बोअरला सोडायचं तर आधी जागा जाणकाराला दाखवावी आणि गाळल्याशिवाय थेंबही सोडू नये. विद्यार्थ्यांनी छतं मोजून, पन्हळी कुठे उतरतात त्याचा नकाशा काढून द्यावा. तेवढंही पुष्कळ झालं. छत झाडायचं काम पुन्हा मेअखेरीचं, हे लक्षात असू द्या.

विजेचं झटपट सांगतो. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. शंभर पंखे, रोज आठ तास, म्हणजे दिवसाला 36 युनिट वाचतात. खोल्या फिरून मोजणी करणं हे दोन शनिवारचं काम, पंखे बदलणं मात्र खरेदी समितीच्या मर्जीचं. वाणिज्य शाखेची पोरं गटात असतील तर त्यांना हे जरूर द्या. कागद नीट झाला तर तो पुढच्या अंदाजपत्रकात जातो.

आणि ज्यांच्याकडे पैसा नाही, पाणी नाही, पण मोकळा माळ आहे, त्यांनी पक्षी आणि गवताची नोंद ठेवावी. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. माळढोक आता तिथे क्वचितच दिसतो, पण काळवीट, लांडगे आणि माळावरचे पक्षी आहेत. हे सगळे उघड्या गवताळ रानाचे रहिवासी. त्यामुळे कॅम्पसचा कुसळी-पवन्या गवताचा तुकडा ‘ओसाड’ समजून त्यावर गिरिपुष्प ठोकण्याआधी तिथे काय राहतं ते बघा. माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, तेही उन्हाळ्यात. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात, भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून खालून उडतात. पंधरा मिनिटांची एक यादी, आठवड्याला एकदा, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. फेब्रुवारीत कॅम्पस बर्ड काउंट असतो, त्यात चार दिवस सगळ्या गटाला उतरवता येतं. मे महिन्यात यादी नसली तरी काही बिघडत नाही. तोटा एकच: उद्घाटनाला नारळ फोडायला काही नाही, म्हणून मान्यवर येत नाहीत. (काहींना हा फायदा वाटेल.)

तर शहरातलं, चार भिंतींतलं कॉलेज असेल आणि मेस असेल तर खत घ्या. मेस नसेल तर पाल्याचं खत आणि विजेची मोजणी. मोठं आवार आणि माळ असेल तर गवताचा एक तुकडा नोंदीसाठी राखा आणि रस्त्याकडेला पन्नास झाडं. एका वर्षात दोनच कामं, तिसऱ्याला हात लावू नका. एनएसएसचे वर्षाला 120 तास असतात आणि त्यातले बरेच कार्यक्रमांत नि रॅलीत जातात.

परवानगीच्या अर्जात पैशांआधी दोन गोष्टी लिहून मागा: मे-जूनसाठी एका शिपायाचं किंवा माळ्याचं नाव, आणि प्रथम वर्षाच्या किमान पाच मुलामुलींना गटात घेण्याची सोय. तिसऱ्या वर्षाचेच सगळे असतील तर तुमच्या निरोपसमारंभासोबत उपक्रमाचाही निरोपसमारंभ होतो.