लहान सलूनसाठी थेरपिस्ट नेमताना: नुकतीच शिकून आलेली की अनुभवी?

दोन-तीन बेडचे सलून स्वतः काम करून चालवणाऱ्या मालकिणीपुढे हा प्रश्न साधारणतः एकाच वेळी येतो, तो म्हणजे अपॉइंटमेंटची वही भरून वाहू लागते आणि नाही म्हणावे लागणाऱ्या क्लायंटची संख्या डोळ्यांत खुपू लागते तेव्हा. थेरपिस्टची, म्हणजे वॅक्सिंग, फेशियल असे सौंदर्योपचार करणारीची, नेमणूक एकीचीच परवडणार असते आणि अर्ज दोन प्रकारचे येतात: नुकतीच परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलींचे आणि चार-पाच वर्षे हात बसलेल्यांचे. (मुलगेही या कामात आहेत आणि उत्तम काम करतात, स्त्रीलिंगी रूप केवळ सोयीसाठी वापरले आहे.) बहुतेक जणी दोघींच्या पगारातला फरक पाहून निर्णय घेतात. माझ्या मते तो फरक दुय्यम आहे, कारण नवी मुलगी पगारात जे वाचवते ते मालकिणीच्या वेळातून वसूल करते. त्यामुळे असा वेळ आपल्याकडे आहे का, हे आधी तपासायला हवे.

प्रमाणपत्रापासून सुरुवात करू. १९४६ साली स्थापन झालेल्या सिडेस्को या सौंदर्योपचार क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा डिप्लोमा अनेक देशांत ओळखला जातो, पण सगळ्याच अर्जांना असा कागद जोडलेला नसतो. काही अभ्यासक्रम काही आठवड्यांत संपतात, तर काही वर्षभर किंवा त्याहून अधिक चालतात. म्हणून प्रमाणपत्रावरच्या श्रेणीपेक्षा दोन प्रश्नांची उत्तरे अधिक उपयोगी ठरतात: प्रत्यक्ष सरावाचे तास किती झाले आणि तो सराव कोणावर झाला. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पुष्कळ विद्यार्थिनींचा सराव वर्गातल्या मैत्रिणींवर झालेला असतो, म्हणजे समवयस्क, घट्ट आणि निरोगी त्वचेवर. पापणीवरची कातडी सैल झालेल्या साठीच्या बाईचे थ्रेडिंग, पायांवर फुगलेल्या शिरा असताना करायचे वॅक्सिंग किंवा मधुमेह असलेल्या क्लायंटचे पेडिक्युअर तिने पुस्तकात वाचलेले असते, हाताखालून गेलेले नसते. अनुभवी थेरपिस्टच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. तिच्याबाबत मात्र, मागच्या ठिकाणी ती नेमकी कोणती कामे रोज करत होती, हे विचारावे लागते, कारण पाच वर्षे फक्त थ्रेडिंग आणि वॅक्सिंग केलेली व्यक्ती फेशियलच्या बाबतीत जवळपास नवीच असते.

वेगाचा हिशेब सोपा आहे आणि तो पूर्णपणे अनुभवीच्या बाजूने पडतो. गुडघ्यापर्यंतचे वॅक्सिंग सरावलेला हात वीसेक मिनिटांत उरकतो, तर नव्या मुलीला सुरुवातीला चाळीस मिनिटे लागली तर नवल नाही. दिवसाला अशी सहा कामे धरली तर बेड जास्तीचे दोन तास अडतो. पहिले काही आठवडे तिच्या अपॉइंटमेंट सैल ठेवाव्या लागतात, आणि वही आधीच भरलेली असेल तर तेवढी सैल जागा काढणे कठीण जाते.

स्वच्छता आणि सुरक्षिततेच्या बाबतीत चित्र बरेचदा उलटे दिसते, आणि याच मुद्द्यावर मी स्वतः सर्वाधिक वेळ घालवते. नवी मुलगी नियम ताजे घेऊन आलेली असते. भुवया किंवा पापण्या रंगवण्याआधी २४ ते ४८ तास पॅच टेस्ट (त्वचेच्या छोट्या भागावर रंग लावून ॲलर्जी येते का ते पाहणे) घ्यायची, वॅक्समध्ये एकदा वापरलेला स्पॅच्युला, म्हणजे वॅक्स लावायची चपटी काडी, पुन्हा बुडवायचा नाही, हत्यारे आधी धुवायची आणि मगच निर्जंतुक करायची, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे पूर्ण होऊ द्यायची, हे सारे तिला पाठ असते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या क्लायंटचे वॅक्सिंग करायचे नाही आणि गोळ्या बंद झाल्यावरही साधारण सहा महिने थांबायचे, हेही ती विचारून घेते. कारण त्या काळात त्वचा इतकी नाजूक असते की केसांबरोबर वरचा थरही निघून येऊ शकतो. अनुभवी हाताला हे ठाऊक नसते असे नाही, पण "इतकी वर्षं करतेय, कधी काही झालं नाही" हे वाक्य ज्या दिवशी तोंडात बसते त्या दिवसापासून एकेक पायरी गळू लागते. आणि जुनी सवय मोडणे हे नवी लावण्यापेक्षा किती अवघड असते, ते शिकवणाऱ्यालाच कळते.

तरीही एक गोष्ट अशी आहे की ती कोणताही अभ्यासक्रम देऊ शकत नाही. ग्लायकोलिक ॲसिडचे पील, म्हणजे त्वचेचा वरचा मृत थर काढणारे द्रावण, लावल्यावर नवी मुलगी घड्याळाकडे पाहते. जाणती थेरपिस्ट क्लायंटच्या गालाकडे पाहते, आणि एखादा भाग अपेक्षेपेक्षा लवकर लाल होताना दिसला की वेळ शिल्लक असूनही तिथेच पील शमवते. तुमच्या सलूनचे मुख्य उत्पन्न पील किंवा यंत्रांवरच्या उपचारांतून येत असेल, तर या एका कारणासाठी अनुभवी व्यक्तीचाच विचार करावा, असे मी म्हणेन.

मी शेवटची नेमणूक केली तेव्हा दोन्ही प्रकारच्या उमेदवारांची चाचणी एकाच दिवशी, माझ्याच पायांवर घेतली. नव्या मुलीने आधी औषधांबद्दल विचारले, मग स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला वॅक्स लावून ते किती गरम आहे ते पाहिले. स्ट्रिप ओढताना मात्र हात थरथरत होता आणि ती त्वचेला समांतर जाण्याऐवजी वर उचलली जात होती, त्यामुळे केस मुळापासून निघण्याऐवजी तुटत होते. एकदाच सांगितले, दुसऱ्या पायाला तिने डाव्या हाताने त्वचा ताणून धरली आणि स्ट्रिप खाली, कातडीला लागून ओढली. अनुभवी उमेदवाराने तिच्या निम्म्या वेळात दोन्ही पाय स्वच्छ केले, पण स्पॅच्युला पुन्हा भांड्यात बुडवला, मी सांगितल्यावर हसली आणि थोड्या वेळाने पुन्हा बुडवला. मी नव्या मुलीला घेतले. पहिल्या दोन महिन्यांत एक जुनी क्लायंट कायमची गेली, हेही इथेच सांगते. अर्धवट राहिलेले वॅक्सिंग तिने खपवून घेतले नाही, आणि तिचे चुकले असे मला वाटत नाही.

मी रोज सलूनमध्ये असते, माझा बेड तिच्या बेडशेजारी आहे आणि मधला पडदा सरकवला की तिचे काम दिसते, म्हणून हा निर्णय मला पेलला. दिवसाचा एक तास असा आठवड्याचे सहा दिवस, बारा आठवडे दिला तर ७२ तास होतात. तेवढे तास तुमच्या वहीत नसतील, किंवा तुम्ही आठवड्यातले तीनच दिवस सलूनमध्ये येत असाल, तर अनुभवी व्यक्तीला जास्त पगार देणे हेच स्वस्त पडेल. अनुभवीला नेमतानाही चाचणी टाळू नये; फक्त तिच्या वेगाकडे नव्हे, सांगितलेले ती ऐकते का याकडे लक्ष ठेवावे.

क्लायंटच्या बाबतीत अनुभवी थेरपिस्ट चार ओळखीचे चेहरे घेऊन येते आणि जाताना त्यांच्यासह आणखी चार घेऊन जाऊ शकते. शिकवलेली मुलगीही जाते. क्लायंटची नोंदकार्डे सलूनच्या मालकीची राहतील हे करारात लिहून घ्यावे. शेजारी काम करण्यावर बंदी घालणारी कलमे किती टिकतात हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असल्याने त्यांच्या भरवशावर राहू नये. पगाराबाबत एवढेच, की नव्या मुलीला निव्वळ कमिशनवर ठेवू नये. तिच्याकडे क्लायंट नसतात, आणि रिकाम्या हाताने बसलेली मुलगी एक तर घाई करते किंवा नको असलेली क्रीम गळ्यात मारते.

नव्या मुलीला घ्यायचे ठरलेच, तर विम्याच्या कागदपत्रांत तिचे नाव आणि ती करणार असलेला प्रत्येक उपचार समाविष्ट आहे का हे पहिल्या दिवसाआधी पाहून घ्यावे, आणि चूक झाली तर ती किती महाग पडेल, त्या क्रमाने कामे द्यावीत. मॅनिक्युअर आणि पेडिक्युअर आधी, मग हातापायांचे वॅक्सिंग, त्यानंतर साधे फेशियल. गॅल्व्हॅनिकसारखे विजेवर चालणारे यंत्र, क्लायंटला पेसमेकर आहे का हे कोणी न सांगता स्वतःहून विचारण्याची सवय लागल्याशिवाय तिच्या हाती देऊ नये. भुवया सर्वांत शेवटी, कारण पायावर राहिलेला केस पुन्हा काढता येतो, पण भुवईतला जास्तीचा गेलेला केस परत यायला कित्येक आठवडे लागतात आणि तोवर ती क्लायंट रोज आरशात तुमच्या सलूनचे काम पाहत असते. आमच्याकडे तिने पहिल्या भुवया नवव्या आठवड्यात केल्या, आणि त्या माझ्या होत्या.