जुन्या पावसाचा हिशोब कुणाकडे मागायचा? लवणस्तंभ, झाड की गाळ

भूतकाळातल्या पावसावर काम करायचं ठरलं की पहिला पेच साहित्याचा. गुहेतला लवणस्तंभ, म्हणजे ठिबकणाऱ्या पाण्यातून जमिनीवर थराथराने वाढलेला चुनखडीचा खांब घ्यायचा, झाडांची वलयं मोजायची की तळ्याच्या बुडाचा गाळ काढायचा? माझं मत आधीच सांगून टाकतो. झाड चोख बोलतं, पण त्याची आठवण तोकडी. लवणस्तंभाला लाखो वर्षांचं आठवतं आणि केव्हाचं तेही तो नेमकं सांगतो. किती पाऊस पडला, हे मात्र त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं.

त्याचं घड्याळ समजून घ्या, कारण निवडीचं मुख्य कारण तेच आहे. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. गुहेच्या हवेत त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि कॅल्साइट या चुनखडी खनिजाचा पातळ थर मागे राहतो. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ नाहीच. त्यामुळे ताज्या थरात युरेनियम असतं, थोरियम नसतं. पुढे युरेनियमच्या क्षयातून थोरियम-२३० साचत जातं आणि त्यावरून थराचं वय निघतं. ही मोजणी साधारण ६ लाख वर्षांपर्यंत चालते. गाळासाठी वापरतात त्या कार्बन-१४ ची मजल ५० हजारांच्या आसपास संपते. चीनमध्ये नानजिंगजवळच्या हुलू गुहेतल्या पाच लवणस्तंभांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ७५ हजार ते ११ हजार वर्षांपूर्वीच्या मान्सूनचे चढउतार ग्रीनलंडच्या बर्फातल्या चढउतारांशी जुळलेले तिच्यात दिसले, आणि बर्फाच्या थरांची वयं ताडून पाहायलाही तिचा उपयोग झाला.

आता अडचण. पावसाची खूण म्हणून आपण थरातला ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनचा जड प्रकार, मोजतो. उष्ण प्रदेशात पाऊस जोराचा असला की पाण्यात त्याचं प्रमाण बहुधा घटतं. पण बाष्प कुठल्या समुद्रावरून आलं, वाटेत किती बरसून आलं, गुहेत तापमान किती होतं, थेंब किती सावकाश पडत होता, हे सगळं त्याच एका आकड्यात मिसळलेलं असतं. त्यावरून अमुक काळ ओला, तमुक कोरडा असं म्हणता येतं. मिलिमीटरमध्ये बोलायला मी धजावणार नाही. मेघालयातल्या मावम्लूह गुहेचंच पाहा. तिथल्या लवणस्तंभाच्या आधारे ४,२०० वर्षांपूर्वीपासूनच्या कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे अधिकृत नाव मिळालं, तरी त्या वेळचा कोरडा काळ किती तीव्र होता आणि किती टिकला, यावर वाद चालूच आहे.

झाडाचं तसं नाही. पाण्याच्या ताणात वाढणाऱ्या झाडाचं वलय कोरड्या वर्षी अरुंद पडतं. अनेक झाडांची वलयं एकमेकांशी जुळवली की वर्षाचीही चूक राहत नाही, आणि अलीकडची वलयं थेट पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडता येतात. पण झाड तीनशे वर्षं जगलं असेल, तर हजार वर्षांत सावकाश झालेला बदल त्यात उमटत नाही. शिवाय बारमाही पावसाच्या प्रदेशात बऱ्याच झाडांना स्पष्ट वलयंच नसतात.

गाळाबद्दल थोडक्यात. परागकण मिळतात, म्हणजे पावसाबरोबर वनस्पतींचीही गोष्ट कळते. पण तळातले किडे थर ढवळतात आणि काळ धूसर होतो. जवळपास चुनखडकाची गुहाच नसेल, तर मात्र गाळ हा उत्तम मार्ग आहे.

प्रश्न गेल्या पाचशे वर्षांतल्या दुष्काळांचा असेल तर झाडाकडे जा. हजारो वर्षांच्या मान्सूनचा असेल तर गुहेत. मात्र लवणस्तंभात वर्षावर्षाचा तपशील मिळेलच असं धरू नका. तो वर्षाला ५० मायक्रॉन वाढत असेल, तर अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून निघालेल्या चिमूटभर भुकटीत दहा वर्षांचा पाऊस एकत्र आलेला असतो. उभा चिरून घासलेला स्तंभ हाती घ्या: दुधी, करड्या रेषा एकावर एक, आणि मध्येच मातकट तपकिरी पट्टा. तिथे ठिबक थांबली होती, कदाचित शेकडो वर्षं. त्या मातीबरोबर बाहेरचं थोरियमही आलेलं असतं, ते वेगळं काढलं नाही तर थर आहे त्याहून जुना वाटतो.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. झाडातून पेन्सिलीएवढा गाभा काढला तरी झाड जगतं. लवणस्तंभ तोडला की तो गेलाच. म्हणून आधी पडलेले, तुटलेले तुकडे शोधा. उभा स्तंभच हवा असेल, तर बुडाशी बारीक छिद्र पाडून वय काढा आणि ते तुमच्या प्रश्नाच्या काळातलं निघालं तरच परवानगी घेऊन पुढे जा. त्याआधी निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्या थेंबाखाली बाटली ठेवून पाहा. बाहेरच्या पावसाला तो थेंब प्रतिसादच देत नसेल, तर त्याखालचा स्तंभ जागच्या जागी राहू द्या.