परळीची वीज की शेतातला सौरपंप?

परळीच्या औष्णिक केंद्राला कोळसा बाहेरून रेल्वेनं येतो, पाणी मात्र आमच्याच धरणांतलं. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तीनेक लिटर पाणी लागतं. वीज ग्रिडमधून पार मुंबई-पुण्याला, राख आमच्या वाट्याला. २०१५ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावं लागलं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. इतक्या कोरड्या मुलखात एवढं पाणी पिणारी वीज, हे मला पटतच नाही.

सौरपंपाचं पॅनेल पुसायला बादलीभर पाणी आणि ओलं फडकं पुरतं, तेही ऊन चढायच्या आत. रात्री दोनला लाइट आली म्हणून बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून मोटारीकडे धावणं सुटतं. रात्रीची वीज अजून ग्रिडचीच, हे खरं.

धोका वेगळाच आहे. बिल नाही म्हणून मोटार दिवसभर चालली आणि रानात ऊस असला, तर बोअर आटणारच. साखरेच्या पोत्यातून आपलं पाणीच बाहेरगावी जातं. म्हणून मी सौरपंपच घेईन, पण ठिबकवर, आणि रानात तूर-हरभरा.